ओळखीच्या माणसाने लिहिलेलं पुस्तक

७ जानेवारी

बारके,

वर 'प्रिय' लिहायचा विचार होता, पण सहा वर्षांनी लिहिलेल्या पत्रात पहिलाच शब्द ओढूनताणून आणलेला नको. तूही तो वाचून नाक मुरडलं असतंस. तेव्हा नुसतं बारके. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला बारकी म्हणतात का, असं म्हणशील. मला दुसरी हाक येत नाही.

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझी तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. आता लांबचं इतकं स्वच्छ दिसतं की समोरच्या गच्चीवर कोणाच्या चादरी नीट धुतल्या जात नाहीत तेही कळतं. न कळतं तर बरं होतं.

काम एवढंच आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे. तिथे नव्या ग्रंथपालबाई आल्यात. पोर हुशार आहे, पण उत्साह जरा जास्त. तिने सगळ्या इमारतीसाठी एक खूळ काढलंय, वाचन-बिंगो. पंचवीस चौकोनांचं एक कार्ड, आणि प्रत्येक चौकोनात एक अट. 'लाल कव्हरचं पुस्तक.' 'ज्यात प्राणी बोलतात असं पुस्तक.' 'तुमच्या जन्माच्या वर्षी निघालेलं पुस्तक.' 'अर्धवट सोडलेलं पुस्तक.' त्या अटीत बसणारं पुस्तक शोधायचं, वाचायचं, बाईंना सांगायचं, की त्या चौकोनावर शिक्का. एक मार्चपर्यंत कार्ड भरायचं. पुस्तक लाल आहे म्हणून वाचायचं. उद्या म्हणतील, वजनाला दोनशे ग्रॅम भरेल ते वाचा. छापखान्यात तेहेतीस वर्षं प्रुफं तपासली, पण पुस्तकांची अशी विटंबना पाहिली नव्हती.

मग तू यात कशाला पडलीस, असं विचारशील. दुसऱ्या मजल्यावर एक दातांचा डॉक्टर राहतो, त्याच्यामुळे. एक मार्चला ज्याचं कार्ड पुरं भरलेलं असेल त्याने सांगितलेली एक फळीभर पुस्तकं वाचनालय विकत घेणार आहे. या डॉक्टरने यादी आत्ताच तयार ठेवलीय. महिन्यात सडपातळ कसं व्हावं, आठवड्यात यशस्वी कसं व्हावं, असली सगळी. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा हा माणूस पान उलटायला बोट स्वतःच्या तोंडात घालतो. जिभेवर फिरवतो आणि मग पानाच्या कोपऱ्याला लावतो. ते पुस्तक पुढे मी घरी न्यायचं. त्याच्या हाती एक फळी देण्यापेक्षा मी लाल, निळं, हिरवं, पडेल ते वाचीन.

एका चौकोनात लिहिलंय, 'दूर राहणाऱ्या माणसाने सुचवलेलं पुस्तक.' दूर राहणारं असं मला तूच आहेस. बाकीची माणसं पत्र पोचण्यापलीकडे गेली.

एका कार्डावर पुस्तकाचं नाव लिहून पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही. मीही काही लिहीत नाहीये.

ताई


२९ जानेवारी

बारके,

कार्ड मिळालं. नुसतं नाव लिही म्हटलं तर तू खरंच नुसतं नाव लिहिलंस, खाली सहीसुद्धा नाही. आणि नाव कसलं, तर कोंबड्यांच्या रोगांचं पुस्तक.

तुला वाटलं असेल ताई वाचणार नाही. वाचलं. एकशे ऐंशी पानं, रंगीत चित्रांसकट. कोंबडीच्या आतड्यातले जंत मोजायचे कसे, डोळ्यावर पू धरला तर तो कशाने पुसायचा, विष्ठेचा रंग कोणता झाला की काय समजायचं. विष्ठेच्या रंगांचा आख्खा तक्ता आहे, नऊ रंगांचा. मी ते दुपारी जेवताना उघडलं ही माझी चूक. ताट तसंच उचलून ठेवलं. पण मग बसले आणि शेवटपर्यंत वाचून काढलं. तू हे रोज करतेस का? पहाटे उठून त्या खुराड्यात वाकतेस आणि हे सगळं हातांनी करतेस? हातमोजे घालतेस की नाही? त्यात लिहिलंय की मोजे घालावेत. पान एकशे बारा.

माझे सोळा चौकोन झाले. जन्मवर्षाचं पुस्तक शोधायला त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते. दुकान कसलं, उंदरांचं बाळंतपणाचं घर. आत शिरताच मुताचा असा भपकारा आला की रुमाल नाकाला लावून बोलावं लागलं. दुकानदार खुर्चीत बसून पाय खाजवत होता.

"कुठल्या विषयावरचं हवंय?" त्याने विचारलं.

"विषय कोणताही चालेल. साल सांगते."

"सालावरून पुस्तकं? तुम्ही त्या बिंगोवाल्या का? कालपासून सहा जण आले. एकाला पिवळं पाहिजे होतं."

मला तोंड लपवावंसं वाटलं. शेवटी ढिगाच्या तळाशी एक बागकामाचं पुस्तक निघालं, माझ्या जन्माच्या सालातलं. घरी आणून उघडलं, तर चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस पानांच्या मध्ये कापलेली नखं. एक-दोन नाहीत, दहाच्या दहा बोटांची. कोणी तरी वाचता वाचता नखं काढली आणि पुस्तक मिटून ठेवलं. चिमट्याने एक एक काढलं, पानं औषधाच्या बोळ्याने पुसली आणि मग गुलाबाच्या छाटणीबद्दल वाचलं. माणसाला पुस्तकाबद्दल काय वाटतं हे त्याच्या खुणेवरून कळतं.

डॉक्टर परवा जिन्यात बसला होता, मांडीवर पुस्तकांची चळत. एक उचलायचा, मागचं पान वाचायचा, खाली ठेवायचा.

"मॅडम, माझी अठरा झाली," म्हणाला.

"वाचलीत?"

"वाचली म्हणजे बघितली. कुठला दात किडलाय ते बघायला सगळे दात उपटावे लागत नाहीत."

ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, निदान हातात तरी घेतात ना." अशा बोलण्यावर काय करायचं?

एक चौकोन आहे, 'ओळखीच्या माणसाने लिहिलेलं पुस्तक.' तो मी मागे ठेवलाय. छापखान्यात असताना ओळखीचे लेखक पायलीचे पन्नास होते. मिळेल त्यातल्या कोणाचं तरी.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. मोज्यांचं तेवढं कळव.

ताई


११ फेब्रुवारी

बारके,

तू हे मुद्दाम केलंस.

काल सकाळी दूध घेऊन वर येत होते. डॉक्टर खाली उतरत होता. मला पाहून थांबला, अंग चोरून भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या बहिणीचं पुस्तक वाचलं. छान आहे. आणि पातळ आहे."

मी तशीच खाली गेले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, हो, आहे की, दोन वर्षांपूर्वी टपालाने भेट आलंय. आत लेखिकेच्या हातचं लिहिलंय, 'माझी थोरली बहीण याच इमारतीत राहते, म्हणून.' म्हणून काय? पुढे काही लिहिलेलं नाही. दोन वर्षं ते पुस्तक माझ्या पायाखाली तीन मजले खाली पडून होतं आणि मला पत्ता नाही.

आता ऐक काय झालंय ते. 'ओळखीच्या माणसाने लिहिलेलं' हा चौकोन कोणालाच भरता येत नव्हता. मग डॉक्टरने शोध लावला की ओळखीच्या बाईची बहीण म्हणजे ओळखीचीच. ग्रंथपालबाईंनी मान्य केलं. एकशे बारा पानं, अक्षर मोठं, एका दुपारी संपतं. सगळी इमारत तुटून पडली आहे. वाचनालयात त्यासाठी नावं लावली आहेत, अकरा जणांनी वाचून झालं, पाच रांगेत. आपल्या आईचं अंथरूण, बाबांचं बोलणं, तुझी शाळा सुटली ते, सगळं हे लोक चहात बिस्किट बुडवावं तसं बुडवून खातायत. कशासाठी, तर एका शिक्क्यासाठी.

आणि माझ्याकडे बघतात. लिफ्टमध्ये बोलणं थांबतं. चौथ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई, जी आजवर माझ्याशी कपडा कधी मिळेल यापलीकडे शब्द बोलली नाही, तिने काल माझा हात धरला. म्हणाली, "तुमची बहीण तुमच्याबद्दल किती मायेने लिहिते हो." टोमणा मारायची ही काय तऱ्हा? दोन्ही हातांत माझा हात, डोळ्यांत पाणी, आणि वर हे. मी हात सोडवून घेतला, घरी आले आणि साबण लावून धुतला. दोनदा धुतला.

आपल्यात जे झालं ते मी एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. सहा वर्षांपूर्वी तू मला या पुस्तकाची प्रुफं पाठवलीस. सोबत चिठ्ठी होती, 'ताई, चुका काढ आणि वाचून कसं वाटलं ते सांग.' मी चुका काढल्या. चारशे बारा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, एकही सोडली नाही. कसं वाटलं ते सांगितलं नाही, कारण प्रुफं तपासणारा मजकूर वाचत नसतो, अक्षरं वाचतो. आणि पान एकेचाळीसवरचा एक परिच्छेद मी लाल रेघ मारून काढून टाकायला सांगितला. तो बाबांच्या अब्रूसाठी. दुसरं कारण नव्हतं. मग तू फोन केलास, मी उचलला नाही. छापलेली प्रत पाठवलीस, मी पाकीट न फोडता परत केलं. झालं ते एवढंच.

तू तो परिच्छेद तसाच छापलास हे आता लोकांच्या तोंडावरूनच कळतंय. छापलास तर छापलास. पण तो माझ्या इमारतीत आणून ठेवायची काय गरज होती?

ताई


१३ फेब्रुवारी

बारके,

परवाचं पत्र पेटीत टाकलं तेव्हा वाटलं होतं, आता बरं वाटेल. नाही वाटलं.

डॉक्टरचे तेवीस, माझेही तेवीस. वाचनालयात जायचं टाळते आहे. दूध पण दुपारी आणते.

मोज्यांचं तू कळवलं नाहीस.

ताई


२४ फेब्रुवारी

बारके,

हे पत्र बसून वाच. कामं उरकून वाच.

माझे चोवीस चौकोन झाले, एकच राहिला. शनिवारी ग्रंथपालबाई स्वतः वर आल्या. दारातच म्हणाल्या, "काकू, सगळ्यांनी भरला तो चौकोन तुमचाच रिकामा? तुमचा तर हक्काचा." आणि तुझं पुस्तक माझ्या हातात ठेवून गेल्या.

तुझ्या पुस्तकाची काय दशा झालीय ते सांगते. कव्हरवर कपाचा गोल डाग. पाठीला चिकटपट्टी. पानांचे खालचे कोपरे सगळे फुगलेले, म्हणजे डॉक्टर शेवटपर्यंत गेला होता. सोळाव्या पानावर चिरडलेला डास, रक्तासकट. मी ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं, पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

चारशे बाराच्या चारशे बारा चुका तू दुरुस्त केल्या आहेस. माझी एक दुरुस्ती चूक होती. तू आईच्या बोलण्यातला एक शब्द जसाच्या तसा लिहिला होतास आणि मी तो शुद्ध करून टाकला होता. तूही मुकाट्याने शुद्ध केलास. आता तिथे आई बोलत नाही, मीच बोलते.

एकेचाळिसाव्या पानाला आले तेव्हा पट्टी सरकेना. शेवटी सरकवली. तो परिच्छेद नाही. तू काढलास. आणि त्याच्या जागी तू लिहिलंस ते मी इथे उतरवते, कारण मी दोन दिवस त्यापलीकडे गेलेले नाही:

'बाबा म्हणाले, आईपाशी दोघींतल्या एकीला राहावं लागेल. ताई तेव्हा शाळेत गेली होती. मीच म्हटलं, मी राहते. मला तशी अभ्यासात गोडी नव्हतीच, आणि डोकंही बेताचंच. ताई शिकली ते बरं झालं.'

म्हणजे त्या शिवणवाल्या बाईचे डोळे खरंच भरले होते.

आधी काय वाटलं तेही सांगते. हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा श्वास सुटला. आणि तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत माझी मलाच अशी शिसारी आली की मी उठून बेसिनपाशी गेले. नखांना, डासाला, कोंबडीच्या नऊ रंगांना जे झालं नाही ते झालं. सगळं ओकून झाल्यावर बेसिन घासलं आणि परत टेबलापाशी येऊन बसले.

ताई शाळेत गेली नव्हती. ताई दाराशी उभी होती. तुला ते माहीत आहे, प्रुफात तू तेच लिहिलं होतंस. आईचं अर्धं अंग लुळं पडून पाच दिवस झाले होते. तू तिच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत होतीस आणि ते गालावरून खाली गळत होतं. बाबा खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "मोठीचं पुढचं वर्ष महत्त्वाचं. पण धाकटीचंही नुकसान नको. कशी आहे गं ती अभ्यासात?" आणि मी म्हटलं, "तिला नाहीतरी अभ्यासात गोडी नाही, बाबा. डोकंही बेताचंच आहे." तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. बारा वर्षांची होतीस. मग पुन्हा चमचा भरलास.

ते मी लाल रेघ मारून काढायला लावलं आणि कारण बाबांच्या अब्रूचं सांगितलं. बाबांची अब्रू त्यात कुठेच नव्हती. त्यांनी तर विचारलं होतं.

आता तुला माहीत नाही ते लिहिते.

त्या दिवशी सकाळी निकाल होता. तू आईपाशी होतीस म्हणून तुझं प्रगतीपुस्तकही मीच आणायला गेले. तुझ्या वर्गबाईंनी मला वर्गाबाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "धाकटी पहिली आलीय. सदतीस जणांत पहिली. वडिलांना म्हणावं, एकदा मला भेटा." प्रगतीपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'अतिशय हुशार. पुढे शिकवावी.' माझ्या दुसऱ्या हातात माझं होतं. मी दोन विषयांत काठावर पास होते. बाबांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली असती तर आईपाशी कोणी राहायचं हे विचारायची वेळच आली नसती.

शाळेच्या मागे उघडं गटार होतं, आठवतं? मी तुझं प्रगतीपुस्तक त्यात टाकलं. ते लगेच बुडालं नाही. जाड पुठ्ठ्याचं होतं, तरंगत राहिलं, वर तुझं नाव. मी काठी शोधून आणली आणि ते खाली दाबून धरलं. वास मारत होता. नाक धरून उभी राहिले, पण काठी सोडली नाही.

घरी येऊन तुला म्हटलं, "पास झालीस." बाबांना म्हटलं, प्रगतीपुस्तकं सुट्टीनंतर मिळणार आहेत. त्या गडबडीत त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सुट्टीनंतर तू शाळेत गेलीच नाहीस.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? मी तुझ्याबद्दल खोटं बोलले हे मला रोजच माहीत होतं, त्याची सवय झाली होती. पण तू त्यावर विश्वास ठेवला असशील हे कधी मनात आलं नाही. मला वाटायचं, तिला कुठेतरी माहीत असणार आपण कशा होतो ते. छापलेल्या पुस्तकात, स्वतःच्या हाताने, 'डोकं बेताचंच.' ते वाक्य माझं आहे, बारके. शब्दन् शब्द माझा आहे. ते तू सेहेचाळीस वर्षं स्वतःचं म्हणून वागवलंस.

तू पहिली आली होतीस.

ताई


२ मार्च

बारके,

आधीचं पत्र पोचलं की नाही, पोचून तू वाचलंस की नाही, काही कळलेलं नाही. तरी काल काय झालं ते तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहिते.

काल बिंगोचा शेवटचा दिवस. वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या, तीसेक माणसं होती. डॉक्टरचं कार्ड भरलेलं, माझ्यात तो एक चौकोन मोकळा. प्रत्येकाने एका पुस्तकावर चार शब्द बोलायचे होते. डॉक्टर उठला आणि तुझं पुस्तक हातात घेतलं. म्हणाला, "या पुस्तकात एक बहीण दुसरीसाठी शाळा सोडते आणि कुठे एका शब्दाने तक्रार करत नाही. आणि ती मोठी बहीण आपल्यात बसलीय हे आपलं भाग्य." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून वाजवल्या.

मी उठले. म्हटलं, "या पुस्तकात एक चूक राहिली आहे. लेखिकेची नाही, तपासणारीची. पान एकेचाळीस." आणि सांगितलं. दाराशी उभी होते ते, काय बोलले ते, प्रगतीपुस्तक, गटार, काठी. आवाज चांगला खणखणीत लागला, त्याचीही मला किळस आली. बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शिवणवाली बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसली. शेवटी ग्रंथपालबाईच म्हणाल्या, अगदी हळू, "काकू, पण पुस्तक तुम्ही वाचलंत ना? मग शिक्का मारायला हवा."

"नको," मी म्हटलं. "ओळखीच्या माणसाने लिहिलेलं हवं असं म्हटलंय. माझी तिची ओळख नाही."

तेव्हा फळी डॉक्टरला गेली.

संध्याकाळी तो वर आला. आत या म्हटलं तर आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, बाकीची मी नुसती चाळली. पण तुमच्या बहिणीचं मी पूर्ण वाचलं होतं. पंचवीसांतलं तेवढं एकच."

"पानांवरून कळलं मला," मी म्हटलं.

तो जायला वळला आणि परत फिरला. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू? आज तुमचं ऐकून मला किळस आली."

"मलाही आली," मी म्हटलं. चहा विचारला. नको म्हणाला आणि गेला. इतक्या दिवसांत हा माणूस मला पहिल्यांदाच बरा वाटला.

तुझ्याकडे क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर द्यावी की नाही याचं ओझं परत तुझ्याच डोक्यावर. तू पुष्कळ वाहिलंस. मला जे माहीत होतं ते आता तुलाही माहीत आहे, एवढंच.

ताई


६ मार्च

ताई,

शेवटची दोन्ही पत्रं बरोबरच मिळाली. पहिलं वाचून उठले आणि कोंबड्यांना दाणा घातला. मग आठवलं की सकाळीच घातला होता.

प्रगतीपुस्तकाचं मला माहीत नव्हतं. तू दाराशी काय बोललीस ते माहीत होतं, म्हणून प्रुफात लिहिलं. तू त्यावर रेघ मारलीस तेव्हा वाटलं, असेल, आपल्याच ऐकण्यात चुकलं असेल. डोकं बेताचं, इतक्या वर्षांपूर्वीचं नीट काय आठवणार. ताई शिकलेली, तिला बरोबर आठवत असेल. म्हणून बदललं.

वर्गबाई त्या सुट्टीत दोनदा घरी आल्या होत्या. तू नव्हतीस, बाबा कामावर होते. मी खिडकीतून बघितलं आणि दार उघडलं नाही. मला वाटलं, कसंबसं पास केलंय म्हणून रागवायला आल्यात. आईच्या खाटेमागे जाऊन बसले. त्या बराच वेळ कडी वाजवत होत्या. पुढे रस्त्यात दिसल्या की मी गल्ली बदलायचे. त्या जाऊन आता वीस वर्षं झाली.

तुझा राग आलाय की काय झालंय ते मला अजून कळत नाही. खुराड्यात वाकले की एकदम हसू येतं, मग रडू येतं. शेजारीण म्हणाली, तुला ताप आहे का? मी म्हटलं, मी शाळेत पहिली आले होते. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, परवा कळलं.

एवढ्यात इकडे येऊ नकोस. फोनही करू नकोस. मोजे मी घालते.

एक काम मात्र कर. पहिली म्हणजे एकटी पहिली, की आणखी कोणाबरोबर? गणितात किती होते? भाषेत किती? तू एकदा वाचलेलं विसरत नाहीस, तर सगळे विषय एकाखाली एक लिहून पाठव, पुढे गुण. एखादा आठवत नसेल तर जागा मोकळी ठेव. दया येऊन वाढवून लिहू नकोस.

बारकी